ईजीएफआर जनुक आणि फुप्फुसाचा कर्करोग : तपासणी, अहवाल आणि उपचार

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाल्यानंतर रुग्णाच्या हाती जे कागद येतात, त्यांत ईजीएफआर ही अक्षरे बहुधा दोन ठिकाणी दिसतात आणि त्या दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. रक्ताच्या सर्वसाधारण तपासणीत क्रिॲटिनिनच्या खालोखाल छापलेला ईजीएफआर हा मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाज असतो, तर गाठीच्या तुकड्यावरून केलेल्या तपासणीतला ईजीएफआर हा एका जनुकाचा उल्लेख असतो. पहिला आकडा नव्वद आहे की साठ, यावरून दुसऱ्याविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरा ईजीएफआर, म्हणजे सातव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील ते जनुक आहे, ज्याच्यातील एखाद-दुसऱ्या अक्षराच्या फरकावर आज फुप्फुसाच्या कर्करोगाचा संपूर्ण उपचार ठरू शकतो.

जनुक म्हणजे विशिष्ट प्रथिन तयार करण्याची पेशीतील लेखी सूचना, असे ढोबळमानाने म्हणता येते. ईजीएफआर या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या बाह्य आवरणात आरपार रोवलेले असते. त्याचे एक टोक पेशीबाहेर, तर दुसरे आत असते. बाहेरून येणारा संदेशवाहक रेणू ज्या प्रथिनाला येऊन चिकटतो त्याला ग्राही म्हणतात आणि या ग्राहीला चिकटणाऱ्या प्रमुख रेणूला बाह्यत्वचा वृद्धिघटक असे नाव आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात स्टॅनली कोहेन यांना हा घटक उंदरांच्या लाळग्रंथींत सापडला. त्या ग्रंथींचा अर्क टोचलेल्या नवजात पिलांचे डोळे नेहमीपेक्षा बरेच आधी उघडतात आणि दातही लवकर येतात, या निरीक्षणातून त्यांनी १९६२ मध्ये हे प्रथिन वेगळे केले, आणि वृद्धिघटकांवरील कार्यासाठी १९८६ चे नोबेल पारितोषिक त्यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासमवेत मिळाले. वृद्धिघटक चिकटला की शेजारशेजारचे दोन ग्राही जोडीने एकत्र येतात, त्यांच्या पेशीतील टोकांवर फॉस्फेटचे गट चढवले जातात आणि तेथून निघालेला संदेश रास, रॅफ, एर्क यांसारख्या प्रथिनांच्या साखळीतून पेशीकेंद्रापर्यंत पोचून पेशीला विभाजनाचा किंवा तग धरण्याचा आदेश देतो. फॉस्फेट चढवण्याचे काम करणाऱ्या आतल्या भागाला टायरोसिन कायनेज म्हणतात. निरोगी शरीरात हा संदेश गरजेपुरताच उठतो आणि शमतो, कारण काम झाल्यावर ग्राही पेशीत ओढला जाऊन त्याची विल्हेवाट लागते.

कर्करोगात बिघाड होतो तो बहुधा या कायनेज भागात. जनुकातील अक्षरक्रम बदलणे म्हणजे उत्परिवर्तन, आणि ईजीएफआरमधील काही उत्परिवर्तनांमुळे कायनेज बाहेरच्या संदेशाची वाट न पाहता सतत कार्यरत राहते. प्रथिनाची सूचना असलेल्या जनुकखंडांना एक्सॉन म्हणतात आणि या जनुकात असे २८ एक्सॉन आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगात महत्त्वाचे बदल १८ ते २१ या चार एक्सॉनमध्येच एकवटलेले असतात. अहवालात दिसणारी ‘एल८५८आर’ ही नोंद उदाहरणादाखल जवळून पाहण्यासारखी आहे. प्रथिन हे अमिनो आम्लांच्या माळेने बनते. त्या माळेतील ८५८ व्या स्थानी मुळात ल्यूसिन असते, ज्याचे संक्षिप्त रूप एल, आणि बदलानंतर तेथे आर्जिनिन येते, ज्याचे संक्षिप्त रूप आर. जनुकाच्या पातळीवर पाहिले तर एकविसाव्या एक्सॉनमधील सीटीजी या तीन अक्षरांतील मधल्या टीच्या जागी जी आलेला असतो, एवढाच हा फरक. एकोणिसाव्या एक्सॉनमधील बदल याहून निराळा असतो: तेथे अक्षर बदलत नाही, तर बहुतेकदा पाच अमिनो आम्लांचा छोटा तुकडाच गळून पडतो, म्हणून अहवालात त्यापुढे ‘डेल’ किंवा ‘डिलीशन’ असे लिहिलेले असते. या दोन बदलांत मिळून ईजीएफआरच्या एकंदर उत्परिवर्तनांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के उत्परिवर्तने सामावतात आणि गोळीच्या रूपात मिळणारी औषधे या दोहोंवर चांगली लागू पडतात.

म्हणूनच ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ एवढेच सांगणारा तोंडी निरोप अपुरा मानावा. विसाव्या एक्सॉनमध्ये अक्षरे जादा घुसल्याने होणारे बदलसुद्धा ‘पॉझिटिव्ह’च असतात, परंतु त्यांतील बहुतेकांवर जेफिटिनिब, एर्लोटिनिब यांसारख्या नेहमीच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि त्यांच्यासाठी ॲमिव्हँटामॅबसारखी वेगळी औषधे विकसित झाली आहेत. जी७१९एक्स, एस७६८आय आणि एल८६१क्यू हे तुलनेने विरळ बदल अफाटिनिब किंवा ओसिमर्टिनिब या औषधांना प्रतिसाद देतात. रुग्णाने वा नातेवाइकांनी अहवालातील कोणता एक्सॉन आणि नेमका कोणता बदल, ही ओळ स्वतः पाहून घ्यावी आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना तोच मूळ कागद पुढे ठेवावा. याउलट ‘वाइल्ड टाइप’ हा शब्द वाचून पुष्कळ जण धास्तावतात, पण त्याचा अर्थ जनुक मूळच्या, न बदललेल्या रूपात आढळले एवढाच असतो. ‘नॉट डिटेक्टेड’ आणि ‘इनॅडिक्वेट’ यांतील फरकही महत्त्वाचा आहे. पहिल्यात तपासणी होऊन बदल सापडलेला नसतो, तर दुसऱ्यात नमुना अपुरा पडल्याने तपासणीच झालेली नसते आणि नमुना पुन्हा द्यावा लागतो. गाठीच्या पेशींवर ईजीएफआर प्रथिन किती दाट आहे हे रंगद्रव्याने पाहण्याची एक जुनी पद्धत आहे. ती उत्परिवर्तनाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

तपासणीवर इतका भर का द्यायचा, याचे उत्तर औषधांच्या इतिहासात आहे. जेफिटिनिबला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ते कोणाला लागू पडेल हे ठाऊक नव्हते; थोड्या रुग्णांची गाठ झपाट्याने आक्रसत असे आणि बाकीच्यांना काहीच लाभ होत नसे. प्रतिसाद देणाऱ्या गाठींत ईजीएफआरचे हे विशिष्ट बदल असतात, असे २००४ मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील संशोधकांच्या तीन स्वतंत्र गटांनी दाखवले. त्यानंतर पूर्व आशियात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपास या चाचणीत धूम्रपान न करणारे किंवा पूर्वी अल्प प्रमाणात केलेले, म्हणजे केवळ अंदाजाने पाहता औषधास योग्य वाटणारे रुग्ण निवडले होते. त्यांच्यापैकी उत्परिवर्तन असलेल्यांत जेफिटिनिबला प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण ७१ टक्के निघाले आणि उत्परिवर्तन नसलेल्यांत ते जेमतेम १ टक्का. या दुसऱ्या गटात आजार नेहमीच्या केमोथेरपीच्या मानाने गोळीवर कितीतरी लवकर वाढला. रुग्ण स्त्री आहे, कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही, तेव्हा गोळी सुरू करून पाहू, हा विचार वरवर समंजस वाटला तरी तो रुग्णाचे मोलाचे महिने वाया घालवू शकतो.

हा बदल प्रामुख्याने ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात, म्हणजे श्लेष्मल द्रव स्रवणाऱ्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगात आढळतो. युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्याचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के, पूर्व आशियात ४० ते ५० टक्के आणि भारतात या दोहोंच्या मधोमध, ॲडेनोकार्सिनोमाच्या दर चार रुग्णांमागे एक किंवा त्याहून किंचित अधिक असे आढळते. धूम्रपान न करणाऱ्यांत ते जास्त असले तरी करणाऱ्यांतही असतेच, त्यामुळे तपासणीतून कोणाला वगळायचे हे सवयीवरून ठरवू नये. भारतात आणखी एक अडचण आहे. क्षयरोग सर्वत्र असल्याने छातीच्या एक्स-रेतील डाग आणि दीर्घकाळचा खोकला यांवर थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात, आणि कर्करोगाचे निदान काही महिने लांबते. जंतूंचा पुरावा नसताना दिलेल्या क्षयाच्या औषधांनी चार ते सहा आठवड्यांत सुधारणा दिसली नाही, किंवा थुंकीतून रक्त, आवाज बसणे, वजन घटणे ही लक्षणे वाढत गेली, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीचा आग्रह रुग्णानेच धरावा. धूम्रपान न केलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या व्यक्तीला फुप्फुसाचा कर्करोग होणार नाही, हा समज या विलंबाला हातभार लावतो.

तपासणीचे यश प्रयोगशाळेतील यंत्रापेक्षा नमुना कसा घेतला आणि कसा जपला यावर अधिक अवलंबून असते, आणि या बाबतीत रुग्णाच्या नातेवाइकांना प्रत्यक्ष काही करता येते. बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून पुढे मेणाच्या चौकोनी ठोकळ्यात बसवला जातो. त्यालाच रुग्णालयात ब्लॉक म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी त्यातून पातळ काप घ्यावे लागतात, आणि तुकडा आधीच लहान असल्यास एकामागून एक रंगचाचण्यांत तो संपून जातो, मग जनुक-तपासणीला काही उरत नाही. बायोप्सीच्या वेळीच, हा नमुना जनुक-तपासणीलाही पुरला पाहिजे, असे डॉक्टरांकडून पॅथॉलॉजिस्टपर्यंत लेखी पोचवून घेणे श्रेयस्कर. छातीत साठलेले पाणी काढले असेल तर ते फेकू न देता त्यातील पेशींचा ब्लॉक करता येतो आणि त्यावरही तपासणी होते. हाडातील गाठीचा तुकडा असेल तर तो मऊ करण्यासाठी वापरलेल्या तीव्र आम्लाने जनुकद्रव्य खराब होते, म्हणून अशा वेळी ईडीटीए या सौम्य द्रावणाचा वापर करण्यास सांगावे. अहवालात ‘ट्यूमर कंटेंट’ म्हणून एक टक्केवारी दिलेली असते. नमुन्यातील पेशींपैकी कर्करोगाच्या पेशी किती, ते तीवरून कळते आणि ती फारच कमी असताना आलेल्या ‘नॉट डिटेक्टेड’ या निष्कर्षावर पूर्ण विसंबू नये. उपचार दुसरीकडे घ्यायचे ठरल्यास ब्लॉक आणि काचपट्ट्या रीतसर अर्ज करून मागून घ्याव्यात, कारण त्यांच्याविना नव्या ठिकाणी बायोप्सी पुन्हा करण्याची वेळ येते.

बायोप्सी शक्यच नसेल, किंवा ब्लॉक संपला असेल, तर रक्तावरून केलेली तपासणी, जिला लिक्विड बायोप्सी म्हणतात, उपयोगी पडते. मरणाऱ्या कर्कपेशींतून सुटलेले जनुकद्रव्याचे तुकडे रक्तद्रवात फिरत असतात आणि त्यांतला बदल शोधता येतो. या तपासणीत बदल सापडला तर तो विश्वसनीय मानून उपचार सुरू करता येतात. मात्र गाठीत बदल असूनही रक्तात तो न सापडण्याचे प्रसंग ढोबळमानाने दहापैकी तीन असतात, त्यामुळे रक्ताचा अहवाल नकारात्मक आल्यास गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय प्रश्न मिटला असे समजू नये. निव्वळ ईजीएफआरची पीसीआर चाचणी स्वस्त आणि लवकर होणारी असते, तर नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग या पद्धतीत एएलके, आरओएस१, केआरएएस आदी अनेक जनुके एकाच वेळी वाचली जातात. नमुना लहान असेल आणि खर्च झेपत असेल तर दुसरी पद्धत आधीच निवडणे शहाणपणाचे ठरते, कारण एकेक जनुक क्रमाने तपासत गेल्यास ब्लॉक आणि वेळ दोन्ही खर्ची पडतात.

अहवाल येण्यास एक ते तीन आठवडे लागू शकतात आणि हा काळ नातेवाइकांना असह्य होतो. रुग्णाला धाप लागत असेल, प्रकृती ढासळत असेल, तर डॉक्टर केमोथेरपीने सुरुवात करून अहवाल आल्यावर उपचार बदलू शकतात, त्यात गैर काही नाही. सबुरी हवी ती इम्युनोथेरपीच्या बाबतीत. रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारी ही महागडी इंजेक्शने ईजीएफआर बदल असलेल्या गाठींवर सहसा फारशी परिणामकारक ठरत नाहीत आणि ती दिल्यानंतर लगोलग ओसिमर्टिनिब सुरू केल्यास फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. सबब जनुकाचा अहवाल हाती येण्यापूर्वी त्यांची घाई करू नये.

औषधांच्या निवडीत आता ओसिमर्टिनिब हे तिसऱ्या पिढीचे औषध जगभर अग्रक्रमावर आहे. फ्लॉरा या चाचणीत जुन्या गोळ्यांवर आजार सरासरी १०.२ महिने आटोक्यात राहिला, तर ओसिमर्टिनिबवर १८.९ महिने, आणि मेंदूत पसरलेल्या आजारावरही ते अधिक प्रभावी असते. लवकरच्या टप्प्यात गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर तीन वर्षे ते घेतल्याने आयुर्मान वाढते, हेही आता सिद्ध झाले आहे. त्यामुळे गाठ पूर्ण काढली म्हणून जनुक-तपासणीची गरज नाही, हा समज टाकून दिला पाहिजे. मात्र त्याची किंमत अनेक कुटुंबांना परवडत नाही, आणि येथेच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणीचे महत्त्व आहे. जेफिटिनिब भारतीय कंपन्या बनवत असल्याने ते तुलनेने स्वस्त आहे. ३५० रुग्णांवरील या चाचणीत जेफिटिनिबला पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन या केमोथेरपीची जोड दिली असता आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. अर्थात तीव्र दुष्परिणामांचे प्रमाणही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले, म्हणून वय, मूत्रपिंडांची स्थिती (येथे तो दुसरा ईजीएफआर कामी येतो) आणि घरून मिळणारा आधार पाहून हा पर्याय ठरवावा लागतो. महागडे औषध चार महिने घेऊन पैशाअभावी बंद करण्यापेक्षा सलग परवडेल असा उपचार पहिल्या भेटीतच ठरवणे हिताचे. डॉक्टरांशी खर्चाविषयी बोलण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. २०२४ च्या जुलैमधील केंद्रीय अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, आणि कंपनीचा रुग्ण-साहाय्य कार्यक्रम आहे का, याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करावी.

गोळी घरी घ्यायची असल्याने ती साधीच आहे, असा गैरसमज होतो. क्षयावरील रिफाम्पिसिन यकृतातील औषध-विघटनाचा वेग वाढवून जेफिटिनिबची रक्तातील मात्रा सुमारे ८३ टक्क्यांनी खाली आणते, म्हणजे क्षयाचा संशय म्हणून सुरू केलेली औषधे चालू राहिली तर कर्करोगाची गोळी घेऊन न घेतल्यासारखीच होते; ओसिमर्टिनिबलाही याची झळ बसते. आम्लपित्तावरच्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या, ज्या घरोघरी विचारपूस न करता घेतल्या जातात, जेफिटिनिब आणि एर्लोटिनिबचे शोषण कमी करतात. एर्लोटिनिब आणि अफाटिनिब रिकाम्या पोटी घ्यावे लागते, जेफिटिनिब व ओसिमर्टिनिबला जेवणाचे बंधन नाही. काढे, भस्मे किंवा अन्य पूरक औषधे चालू असतील तर ती लपवू नयेत.

दुष्परिणामांचे मूळ जनुकाच्या नैसर्गिक कामातच आहे, कारण हाच ग्राही त्वचा आणि आतड्याच्या पेशींतही काम करत असतो. चेहऱ्यावर व छातीवर मुरुमांसारखे फोड, कोरडी त्वचा, नखांच्या कडांची सूज, तोंड येणे आणि जुलाब हे त्रास त्यातूनच उद्भवतात. पहिल्या दिवसापासून साधा मॉइश्चरायझर, उन्हापासून बचाव आणि सैल पादत्राणे यांनी पुष्कळ फरक पडतो. मुरुमांवरची बाजारू मलमे त्वचा आणखी कोरडी करतात, म्हणून टाळावीत. जुलाब दिवसातून चार वेळांहून अधिक झाले तर डॉक्टरांना कळवावे, परस्पर गोळी बंद करू नये. एकाच लक्षणात मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, ते म्हणजे नव्याने सुरू झालेली किंवा अचानक वाढलेली धाप आणि कोरडा खोकला, कारण ती औषधाने फुप्फुसाला आलेली सूज असू शकते.

घरातील पुढचा प्रश्न बहुधा मुलांविषयी असतो. हे उत्परिवर्तन आयुष्यात केव्हातरी फुप्फुसातील एका पेशीत घडलेले असते, ते आईवडिलांकडून आलेले नसते आणि मुलांकडेही जात नाही. निरोगी भावंडांची वा मुलांची ईजीएफआर तपासणी करण्याचे कारण नाही. अपवाद अत्यंत विरळ आहे: कोणतीही गोळी सुरू होण्यापूर्वीच्या अहवालात टी७९०एम हा बदल दिसला आणि त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असले, तर तो जन्मजात असू शकतो आणि तेवढ्या कुटुंबांनी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. हेच जनुक इतर अवयवांत वेगळ्या अर्थाने भेटते, हेही ध्यानात असलेले बरे. मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या गाठीत त्याच्या प्रती वाढलेल्या असतात, पण फुप्फुसात चालणाऱ्या गोळ्या तेथे निरुपयोगी ठरल्या आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सेटक्सिमॅब हे इंजेक्शन ईजीएफआरलाच अडवते, तरी तेथे ते देण्यापूर्वी केआरएएस आणि एनआरएएस ही जनुके तपासावी लागतात.

गोळीचा परिणाम चांगला असला तरी पसरलेल्या आजारात तो बहुधा कायमचा नसतो. जेफिटिनिब किंवा एर्लोटिनिबवर असताना आजार पुन्हा वाढल्यास निम्म्याहून अधिक रुग्णांत टी७९०एम हा दुसरा बदल निर्माण झालेला आढळतो आणि ओसिमर्टिनिब मुळात त्याच्यावर मात करण्यासाठी घडवले गेले. ओसिमर्टिनिबनंतरची वाट एकच नसते: कोठे सी७९७एस हा बदल येतो, कोठे एमईटी या दुसऱ्याच जनुकाच्या प्रती वाढतात, तर काही थोड्या रुग्णांत गाठीचे रूपच पालटून ती स्मॉल सेल प्रकारची होते, जे रक्ताच्या तपासणीत कळत नाही आणि ज्याची केमोथेरपी पूर्ण वेगळी असते. यासाठी आजार वाढल्याचे स्कॅनमध्ये दिसताच आधी रक्ताची तपासणी आणि जमेल तेथे नवी बायोप्सी, असा क्रम डॉक्टरांशी बोलून ठरवावा. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या अहवालावर नवे औषध ठरवता येत नाही. वाढ एकाच जागी, उदाहरणार्थ मेंदूत एखाद्या ठिकाणी असेल, तर तेवढ्या भागावर रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालू ठेवण्याचाही मार्ग असतो, आणि तो लागू आहे का हे गोळी बदलण्यापूर्वी विचारून घ्यावे.